व्हीटचं पीडब्ल्यूए प्लगइन टाकलं, ॲप ऑफलाईन उघडतंय पण आत डेटा नाही, वर अपडेटचा घोळ

अर्धविराम

मंडळी, जरा डोकं लावा इथे. रिॲक्ट (स्क्रीन बनवायची लायब्ररी) आणि व्हीट (कोडचं बिल्ड करणारं साधन) यांवर एक ॲप आहे, इमारतींची तपासणी करणारी माणसं मोबाईलवर त्यात चेकलिस्ट भरतात, फोटो जोडतात, सबमिट करतात. तळघरात, लिफ्टच्या शाफ्टपाशी रेंज नसते म्हणून ऑफलाईन चाललं पाहिजे अशी मागणी आली. सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारी, रेंज नसतानाही पान देऊ शकणारी स्क्रिप्ट) मी कधी हाताने लिहिलेला नाही, त्यामुळे सरळ पीडब्ल्यूए प्लगइन (वेबसाइटला इन्स्टॉल होणारं, ऑफलाईन चालणारं ॲप बनवणारं) टाकलं, रजिस्टर टाईप ऑटोअपडेट केला (नवीन आवृत्ती आपोआप लागावी म्हणून), डॉक्युमेंटेशनमध्ये दिलाय तसा व्हर्च्युअल मॉड्यूल मेन फाईलमध्ये इम्पोर्ट केला, बाकी सगळं डीफॉल्ट. एअरप्लेन मोड लावून उघडलं तर ॲप झकास उघडलं. म्हटलं चला, सुटलो.

पण कसलं काय. ऑफलाईन असताना मेनू येतो, हेडर येतं आणि तपासणीच्या यादीच्या जागी नुसता गोल फिरत बसतो. फॉन्ट गायब, लोगो गायब. नवीन बिल्ड टाकलं की काही जणांना दोनदोन दिवस जुनंच दिसतं, आणि काहींचं बरोबर उलटं, एकीची चेकलिस्ट अर्धी भरून झाली होती आणि पेज आपोआप रिलोड होऊन सगळं पुसलं गेलं, तिने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. डेव्ह सर्व्हरवर (माझ्या मशीनवर चालवून बघताना) यातलं काहीच घडत नाही त्यामुळे दर वेळी डिप्लॉय करून बघावं लागतंय. सबमिटकडे तर अजून वळलोच नाहीये, ऑफलाईन बटण दाबलं की एरर येते एवढं माहितीये. कॉन्फिग चुकतंय की प्लगइनच बदलू?

उभी_रेघ

प्लगइन बदलू नकोस, ते आपलं काम नीट करतंय. ते करतं काय ते आधी बघ. बिल्ड संपलं की डिस्ट फोल्डरमध्ये ज्या फाईली पडल्या त्यांची यादी बनवतं, प्रत्येकीला व्हर्जनची खूण लावतं आणि ती यादी सर्व्हिस वर्करच्या फाईलमध्ये घालतं. ब्राउझर वर्कर इन्स्टॉल करताना त्या सगळ्या फाईली उतरवून ठेवतो. याला प्रीकॅशे म्हणतात, आणि आतून हे सगळं वर्कबॉक्स करतं, प्लगइन त्याच्यावरचा पातळ थर आहे. आता तुझी तपासणीची यादी एपीआयमधून (सर्व्हरकडे डेटा मागायच्या दारातून) येते, बिल्डच्या वेळी ती अस्तित्वातच नव्हती, मग प्रीकॅशेत येणार कुठून?

फॉन्ट आणि लोगोचं कारण फालतू आहे. ग्लोब पॅटर्न्सचं (कुठल्या प्रकारच्या फाईली घ्यायच्या त्या सेटिंगचं) डीफॉल्ट फक्त जेएस, सीएसएस आणि एचटीएमएल इतकंच असतं. त्यात वॉफ२ (फॉन्टची फाईल), एसव्हीजी, पीएनजी घाल, झालं. मात्र जोशात येऊन सगळंच घालू नकोस, प्रीकॅशेत जे टाकशील ते प्रत्येक नवीन माणसाच्या फोनवर पहिल्याच भेटीत उतरतं, मग तो ते पान कधी उघडो न उघडो. आणि २ एमबीच्या वरची फाईल वर्कबॉक्स डीफॉल्टने घेत नाही. पूर्वी त्याची नुसती वॉर्निंग यायची आणि कुणी वाचायचं नाही, प्लगइनच्या अलीकडच्या व्हर्जनांत बिल्डच पडतं. लोक मग लिमिट वाढवून मोकळे होतात. त्यापेक्षा एवढी मोठी फाईल झालीच कशी ते बघ, बहुतेक वेळा चार्टची किंवा पीडीएफची लायब्ररी मेन बंडलमध्ये घुसलेली असते.

एपीआयसाठी रनटाइम कॅशिंग लिही, म्हणजे ॲप चालू असताना आलेली उत्तरं साठवायचे नियम. यादीच्या यूआरएलला नेटवर्क फर्स्ट, म्हणजे आधी सर्व्हरला विचार, नाही जमलं तर जुनी कॉपी दे. आणि त्यात नेटवर्क टाइमआउट ३ सेकंद वगैरे नक्की टाक. हे विसरलं की मजा येते, रेंज पूर्ण गेली असेल तर ॲप पटकन उघडतं पण एक काडी रेंज असेल तर रिक्वेस्ट लटकून राहते आणि माणूस गोलाकडे बघत बसतो. तळघरात तुला हेच भेटणार आहे. अवतार, आयकॉन असल्या क्वचित बदलणाऱ्या गोष्टींना कॅशे फर्स्ट (आधी साठवलेली कॉपी), आणि थोडं शिळं चालेल अशाला स्टेल व्हाइल रिव्हॅलिडेट (जुनी कॉपी लगेच दे, मागे नवी आणून ठेव).

अजून एक, कॅशेत फक्त गेट (नुसता डेटा मागणाऱ्या) रिक्वेस्टचं उत्तर ठेवता येतं. यादी पोस्टने (डेटा पाठवायच्या रिक्वेस्टने) मागवत असशील (ग्राफक्यूएलवाले सर्रास मागवतात) तर हा सगळा प्रकार तुझ्या कामाचा नाही.

टॅबबंद

वरचं सगळं बरोबर आहे, मी अपडेटबद्दल लिहितो कारण रडारड तिथेच होते.

ऑटोअपडेट तुमच्या ॲपला चालणारच नाही. त्यात नवीन वर्कर इन्स्टॉल झाला की वाट न बघता लगेच ताबा घेतो आणि तुम्ही इम्पोर्ट केलेला तो व्हर्च्युअल मॉड्यूल पेज रिलोड करतो. बातम्या वाचायच्या साइटला ठीक, फॉर्म भरायच्या ॲपला अजिबात नाही. तुमच्या त्या बाईंच्या चेकलिस्टचं असंच झालं. रजिस्टर टाईप प्रॉम्प्ट करा (खरं तर डीफॉल्ट तेच आहे, तुम्ही मुद्दाम बदललंत). रिॲक्टसाठी प्लगइनमध्ये हूक (तयार फंक्शन) मिळतो, त्यात नीड रिफ्रेश खरं झालं की खाली छोटी पट्टी दाखवा, "नवीन आवृत्ती आली आहे, अपडेट करा" अशी, आणि बटण दाबलं की अपडेट सर्व्हिस वर्कर हे फंक्शन बोलवा. फॉर्म अर्धा असेल तेव्हा पट्टी दाखवूच नका.

आता दोनदोन दिवस जुनं का दिसतं. ब्राउझर वर्करची फाईल बदलली का हे मुख्यतः पेज नव्याने उघडताना तपासतो. तुमचं सिंगल पेज ॲप, आतल्या आत रूट (पानांचे पत्ते) बदलत राहतात, ते ब्राउझरच्या लेखी नवीन पेज नाही. लोक फोनवर ॲप बंद करतच नाहीत, नुसतं मागे टाकतात, मग तपासणी होणार कधी? त्यासाठी रजिस्ट्रेशन हातात आलं की दर तासाला त्याचं अपडेट फंक्शन बोलवा, आणि ॲप पुन्हा समोर आलं की एकदा, व्हिजिबिलिटी चेंजवर. शिवाय मध्ये सीडीएन (फाईलींच्या प्रती ठेवणारे मधले सर्व्हर) असेल तर वर्करची फाईल आणि इंडेक्स एचटीएमएल यांना नो-कॅशे हेडर (जुनी प्रत न विचारता देऊ नको, असं सांगणारं) आहे का बघा. ब्राउझर हल्ली वर्करच्या मुख्य फाईलसाठी स्वतःचा एचटीटीपी कॅशे डीफॉल्टने वापरत नाहीत, पण सीडीएनने जुनी फाईल हातात ठेवली तर ब्राउझर बिचारा काय करणार.

आणि ऑटोअपडेटवरून प्रॉम्प्टवर जाताना एक खड्डा आहे. लोकांच्या फोनवर आत्ता उघडं असलेलं पेज जुन्या कोडचं आहे, त्याला पट्टी दाखवायची हे माहितीच नाही, आणि नवीन वर्कर आता परवानगी मिळेपर्यंत थांबणार. त्यामुळे या एका रिलीजला सगळ्यांना सांगावं लागेल की ॲप पूर्ण बंद करा, रिसेंटमधून सरकवून काढा, ब्राउझरमध्ये उघडं असेल तर त्याचे सगळे टॅब बंद करा, मग उघडा. नुसतं रिफ्रेश करून भागत नाही, कारण रिफ्रेशच्या वेळी जुन्या वर्करचा ताबा सुटतच नाही. यावर लोकांचा विश्वास बसत नाही पण डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरच्या डेव्हलपरसाठीच्या साधनांत) ॲप्लिकेशन टॅब उघडून बघा, नवीन वर्कर "वेटिंग" म्हणून शांत बसलेला दिसेल, दहादा रिफ्रेश मारा, तसाच बसेल.

फुकटसल्ला

एवढा पसारा कशाला राव. सर्व्हिस वर्कर हाताने लिहायला चाळीसेक ओळी लागतात, इन्स्टॉलमध्ये फाईली कॅशेत टाकायच्या, फेचमध्ये आधी कॅशे बघायचा. प्लगइन आलं की त्याचं कॉन्फिग शिका, त्याच्या आतलं वर्कबॉक्स शिका, मग परत सर्व्हिस वर्कर शिकाच.

टॅबबंद

@फुकटसल्ला चाळीस ओळी पहिल्या दिवशी. फाईल बदलली की व्हीट तिच्या नावात नवा हॅश (मजकुरावरून बनलेला कोड) घालतं, ती यादी दर वेळी हाताने बदलणार का? मग त्यासाठी स्क्रिप्ट लिहिणार, मग जुन्या फाईली कॅशेतून काढायची स्क्रिप्ट, मग फक्त बदललेल्याच उतरवायच्या म्हणून अजून काहीतरी, आणि शेवटी तुमचं स्वतःचं वर्कबॉक्स तयार, फक्त टेस्ट न केलेलं. वर्करमध्ये स्वतःचं लॉजिक पाहिजेच असेल तर प्लगइनमध्ये स्ट्रॅटेजी इंजेक्ट मॅनिफेस्ट करायची, फाईल तुमची, त्यात यादी तेवढी प्लगइन घालतं. वेबपॅकवाल्यांना (व्हीटसारखंच दुसरं बिल्डचं साधन) वर्कबॉक्सच्या वेबपॅक प्लगइनमध्ये हेच दोन पर्याय आहेत, वर्कर पूर्ण बनवून घ्या किंवा आपल्या फाईलीत यादी तेवढी घालून घ्या.

फुकटसल्ला

इंजेक्ट मॅनिफेस्टचं माहिती नव्हतं, ते पटलं. तरी माझं म्हणणं एवढंच की आत काय चाललंय ते न बघता वापरू नये.

मीठभाकर_नको

सबमिटबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. खरं काम तिथे आहे आणि प्लगइन त्यात तुला काडीची मदत करणार नाही.

वर्कबॉक्समध्ये बॅकग्राउंड सिंक नावाचं एक मॉड्यूल सापडेल आणि वाटेल की हेच पाहिजे होतं. अयशस्वी पोस्ट बाजूला ठेवतं, रेंज आली की पाठवतं. पण ब्राउझरची ती सोय क्रोम आणि त्याच्या भावंडांत आहे, सफारी आणि फायरफॉक्समध्ये नाही. तिथे वर्कबॉक्स पुन्हा कधी वर्कर जागा होईल तेव्हा प्रयत्न करतं, म्हणजे नक्की कधी ते सांगता येत नाही. आणि मुख्य म्हणजे तुझ्या स्क्रीनला पत्ता नसतो की किती गेलं किती राहिलं. तपासणी करणाऱ्या माणसाला "गेलं का?" याचं उत्तर लागतं.

त्यामुळे आउटबॉक्स (पाठवायच्या रेकॉर्डची रांग) ॲपमध्येच ठेव. सबमिट दाबलं की सर्व्हरचा विचारच करायचा नाही, रेकॉर्ड इंडेक्स्डडीबीमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या डेटाबेसमध्ये, लिहायचं (डेक्सी ही लायब्ररी वापर, कच्च्या एपीआयच्या नादी लागू नकोस), फोटो ब्लॉब (जशीच्या तशी फाईल) म्हणूनच ठेवायचे, बेस६४ (अक्षरांत रूपांतर) केलेस तर आकार एक तृतीयांशाने वाढतो. स्क्रीनवर "पाठवायचे: ४" असा आकडा कायम दिसू दे. मग ॲप उघडल्यावर, ऑनलाईन इव्हेंटवर आणि मधूनमधून टाइमरने एकेक पाठव, सर्व्हरने होकार दिला तरच काढ. नेव्हिगेटर ऑनलाईन खरं सांगतं यावर विश्वास ठेवू नकोस, वायफायला जोडलंय पण पुढे इंटरनेट नाही अशा वेळीही ते खरंच म्हणतं. प्रत्यक्ष रिक्वेस्ट गेली का, हीच खात्री.

प्रत्येक रेकॉर्डला यूयूआयडी (दुसऱ्या कुठल्याशी न जुळणारा आयडी) फोनवरच दे आणि सर्व्हरला सांग की हाच आयडी परत आला तर नवीन बनवू नको, जुनंच उत्तर दे. कारण असं होणार आहे की रेकॉर्ड पोचलं, सर्व्हरने सेव्ह केलं, आणि "मिळालं" हे उत्तर यायच्या आत रेंज गेली. फोनला वाटतं गेलं नाही, तो परत पाठवतो, आणि एका लिफ्टच्या दोन तपासण्या. बॅकएंडवाला कुरकुर करेल, करू दे. आणि ४०१ आलं तर, म्हणजे टोकन (लॉगिनची खूण) संपलं तर, रांग थांबव, परत लॉगिन करायला सांग, रेकॉर्ड फेकू नकोस.

आयफोन वापरणारे असतील तर अजून एक गोष्ट. सफारी २०२० पासून, ज्या साइटला वापरकर्त्याने ब्राउझर वापराच्या ७ दिवसांत हात लावला नाही तिचं स्क्रिप्टने साठवलेलं सगळं पुसते, इंडेक्स्डडीबी, कॅशे, वर्करची नोंद, सगळं. होम स्क्रीनवर टाकलेल्या ॲपला हा नियम लागत नाही. म्हणून त्यांच्याकडून ते होम स्क्रीनवर टाकून घेच, इथे ते शोभेसाठी नाही. शिवाय स्टोरेज पर्सिस्ट (साठवलेलं आपोआप पुसू नको, ही ब्राउझरला विनंती) मागून ठेव, मिळेलच असं नाही पण मागायला काय जातंय.

उभी_रेघ

डेव्ह सर्व्हरचं राहिलं. प्लगइनमध्ये डेव्ह ऑप्शन्स एनेबल्ड केलं की तिथेही वर्कर चालतो, पण तिथे बिल्डच नसल्यामुळे प्रीकॅशे खऱ्यासारखा तपासता येत नाही, उलट जुना वर्कर लोकलहोस्टला (स्वतःच्याच मशीनच्या पत्त्याला) चिकटून बसतो आणि मग दुसराच प्रोजेक्ट त्याच पोर्टवर उघडलास की पहिल्याचं पान दिसतं. त्यापेक्षा बिल्ड कर आणि व्हीट प्रीव्ह्यू चालव, इन्कॉग्निटोत उघड. फोनवर लॅनच्या आयपीने साध्या एचटीटीपीवर उघडलंस तर वर्कर रजिस्टरच होणार नाही, सूट फक्त लोकलहोस्टला आहे. अँड्रॉइड असेल तर यूएसबीने जोडून क्रोमचं पोर्ट फॉरवर्डिंग वापर, फोनलाही ते लोकलहोस्टच वाटतं.

अर्धविराम

काय लिहिलंयत राव, धन्यवाद सगळ्यांना. प्रॉम्प्टवर आणलं, पट्टी दिसतेय, यादी आता ऑफलाईन येतेय, आउटबॉक्सचं काम चालू केलंय आणि बॅकएंडवाला खरंच कुरकुरतोय. पण दोन नवीन भानगडी. रिपोर्टची पीडीएफ एपीआयच्या लिंकवरून नवीन टॅबमध्ये उघडायची, ती आता पीडीएफच्या ऐवजी ॲपचं होम पेज दाखवतेय, इन्कॉग्निटोत पहिल्यांदा बरोबर उघडते आणि नंतर नाही. आणि एकच टॅब्लेट दोन शिफ्टमध्ये दोघं वापरतात, एकाने लॉगआउट करून दुसऱ्याने लॉगिन केलं आणि रेंज नसेल तर पहिल्याची यादी दिसते!! आणि शिवाय वरून विचारणा आलीये की समजा नाहीच जमलं तर हे सगळं काढून टाकता येईल ना परत.

टॅबबंद

पीडीएफचं कारण नेव्हिगेट फॉलबॅक. सिंगल पेज ॲपमध्ये कुठलीही लिंक थेट उघडली तरी इंडेक्स एचटीएमएल मिळावं म्हणून प्लगइन तसं डीफॉल्टने लावतं, आणि नवीन टॅबमध्ये उघडलेली एपीआयची लिंकसुद्धा वर्करला पेजच वाटते. पहिल्यांदा बरोबर उघडते कारण तेव्हा वर्करचा ताबा नसतो. नेव्हिगेट फॉलबॅक डिनायलिस्ट म्हणून ऑप्शन आहे, त्यात एपीआयने सुरू होणाऱ्या पाथचा रेगेक्स (जुळवायचा पॅटर्न) टाका. बाहेरच्या सेवेतून लॉगिन करून परत येणारा पाथ सर्व्हर हाताळत असेल तर तोही टाका, नाहीतर पुढची पोस्ट त्याची असेल.

टॅब्लेटचं मात्र गंभीर आहे. कॅशे यूआरएलवरून उत्तर शोधतो, टोकन कुणाचं आहे हे त्याला कळत नाही, आणि दोघांच्या यादीची यूआरएल एकच. लॉगआउटच्या वेळी एपीआयच्या कॅशेचं नाव देऊन कॅशेस डिलीट बोलवा, पेजमधूनही बोलवता येतं, वर्करमध्ये काही लिहायला लागत नाही. त्यासाठी रनटाइम कॅशिंगमध्ये त्या कॅशेला स्वतःचं नाव दिलेलं असावं. आणि आउटबॉक्समध्ये पहिल्याच्या न गेलेल्या तपासण्या असतील तर त्या पुसू नका, प्रत्येक रेकॉर्डवर वापरकर्त्याचा आयडी लिहा आणि ज्याचं त्याने लॉगिन केल्यावरच पाठवा. खरं तर यादीसुद्धा कॅशेपेक्षा इंडेक्स्डडीबीत वापरकर्त्यानुसार ठेवलीत तर जास्त बरं, ऑफलाईन शोधता पण येईल, पण ते दुसऱ्या फेरीत करा.

मीठभाकर_नको

काढून टाकायचं असेल तर प्लगइन अनइन्स्टॉल करून डिप्लॉय मारू नकोस फक्त. फाईल सर्व्हरवरून गेली म्हणून फोनवरचा वर्कर जात नाही, तो जुनंच पान दाखवत राहतो, आणि तुझा सर्व्हर न सापडलेल्या प्रत्येक पाथला इंडेक्स एचटीएमएल देत असेल तर वर्करच्या जागी एचटीएमएल मिळून अपडेट नुसतं फेल होत राहतं. प्लगइनमध्ये सेल्फ डिस्ट्रॉइंग नावाचा ऑप्शन आहे, तो खरा कर, वर्करच्या फाईलचं नाव आहे तेच ठेव. मग बिल्डमधून असा वर्कर निघतो जो येऊन स्वतःची नोंद काढतो आणि कॅशे पण साफ करतो. तो सर्व्हरवर बरेच महिने राहू दे, सुट्टीवर गेलेला माणूस परत येऊन ॲप उघडेल तेव्हा त्यालाही मिळाला पाहिजे. इंडेक्स्डडीबीला तो हात लावत नाही, त्यामुळे आउटबॉक्समध्ये कुणाचं काही अडकलंय का ते आधी बघून घे.